दप्तर, डबा आणि पथ्य



ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त होणाऱ्या भाषणात साहित्याचा विषय अपेक्षित असतो. आजचा विषय वरकरणी दवाखान्यातला आणि बालवर्गातला आहे. तरी त्याचा प्रारंभ एका कादंबरीपासून करता येतो. पर्ल बक यांची ‘द गुड अर्थ’ ही कादंबरी १९३१ साली प्रसिद्ध झाली आणि १९३८ साली लेखिकेला नोबेल पारितोषिक लाभले. चीनमधील वांग लुंग या शेतकऱ्याची ती कथा. जमीन, दुष्काळ, संपत्ती आणि घराची पडझड यांच्या ओघात वाचक एका पात्राजवळ फारसा थांबत नाही. ते पात्र म्हणजे वांग लुंगची थोरली मुलगी. ती वयाने वाढते, बुद्धीने वाढत नाही. उन्हात बसून कापडाच्या तुकड्याशी चाळा करीत राहते, आणि एरवी कठोर असलेला बाप तिच्यापुरता मात्र मऊ होतो.

या मुलीमागे एक खरी मुलगी होती. पर्ल बक यांची कन्या कॅरॉल चीनमध्ये १९२० साली जन्मली. जन्मतः ती देखणी आणि निरोगी दिसे. पुढे बोलणे येईना, समज येईना. आईने चीनमध्ये आणि अमेरिकेत वैद्यांचे उंबरे झिजविले. अखेर १९२९ साली न्यू जर्सीमधील व्हाइनलँड येथील संस्थेत तिला ठेवावे लागले. तेथील खर्च भागावा ही निकड आईच्या लेखनामागे होती, हे आता सर्वज्ञात आहे. जगभर नाव झालेल्या या लेखिकेने आपल्या लेकीविषयी उघडपणे लिहिले ते मात्र १९५० साली, ‘द चाइल्ड हू नेव्हर ग्रू’ या छोट्या पुस्तकात. कॅरॉल तेव्हा तीस वर्षांची होती. इतका काळ हे दुःख कपाटाच्या आतल्या खणात राहिले. आणि तिच्या आजाराचे नाव कळायला त्यानंतरही बरीच वर्षे लागली. ते नाव होते फेनिलकीटोन्युरिया. हा चयापचयाचा एक जन्मजात विकार आहे.

‘चयापचय’ हा शब्द मराठीत फार नेमका रुळला आहे. चय म्हणजे साठविणे, रचणे. अपचय म्हणजे मोडणे, झिजणे. खाल्लेले अन्न देहात मोडले जाते, त्यातून हवे ते घडविले जाते, नको ते बाहेर टाकले जाते. या प्रत्येक पायरीवर एकेक विकर, ज्याला दवाखान्यात एन्झाइम म्हणतात, कामाला जुंपलेले असते. एखादे विकर जन्मतःच नसेल किंवा दुबळे असेल तर त्या पायरीवर माल तुंबतो. फेनिलकीटोन्युरियात प्रथिनांमधील फेनिलॲलनिन नावाचा घटक असा तुंबून राहतो आणि वाढत्या मेंदूला इजा करतो. दूध, दही, डाळी, शेंगदाणे, अंडी, मांस या सर्वांत तो भरपूर असतो. ज्या अन्नाला जग पौष्टिक म्हणते तेच या बाळाला बाधते, आणि बाधते तेही निमूटपणे, महिनोन् महिने, कोणाच्या लक्षात येण्यापूर्वी.

हे कोडे सुटले ते एका आईच्या हट्टामुळे. नॉर्वेतील बोर्ग्नी एगेलँड यांची लिव्ह आणि डाग ही दोन्ही मुले मतिमंद राहिली होती. मुलांच्या अंगाला आणि मूत्राला एक विचित्र कुबट वास येतो, असे ही बाई भेटेल त्या डॉक्टरला सांगे. बहुतेकांनी ते ऐकून सोडून दिले. ओस्लोमधील अस्ब्यॉर्न फॉलिंग या डॉक्टरांनी मात्र १९३४ साली ते मनावर घेतले. ते वैद्य होते तसेच रसायनशास्त्रज्ञही होते. मुलांच्या मूत्रात फेरिक क्लोराइडचे थेंब टाकताच अपेक्षित लालसर तपकिरी रंगाऐवजी हिरवा रंग उमटला, आणि त्या हिरव्या रंगाचा माग काढीत त्यांनी विकाराचे मूळ गाठले. एगेलँड यांच्या मुलांना त्याचा उपयोग झाला नाही. कारण कळले होते, उपाय कळला नव्हता.

उपाय निघाला तोही दुसऱ्या एका आईच्या तगाद्याने. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयात शीला जोन्स नावाच्या लहान मुलीला हाच विकार असल्याचे निदान झाले. निदान करून डॉक्टर मोकळे झाले; आई मोकळी झाली नाही. रोज सकाळी ती प्रयोगशाळेच्या दाराशी उभी राही आणि माझ्या मुलीसाठी काय करणार, एवढेच विचारी. हॉर्स्ट बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अखेर फेनिलॲलनिन काढून टाकलेले एक प्रथिनमिश्रण तयार केले. ते घेऊ लागल्यावर मुलगी सावरू लागली. रडणे, डोके आपटणे कमी झाले. हा गुण आहाराचाच की योगायोग, हे ठरविण्यासाठी डॉक्टरांनी आईला न सांगता काही दिवस तो घटक पुन्हा मिसळला, आणि सावरलेली मुलगी पुन्हा ढासळली. (आजच्या नीतिनियमांत हा प्रयोग बसणार नाही, आणि बसू नये.) १९५३ साली हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. शीलाला उपचार उशिरा मिळाला. तिचे झालेले नुकसान पुरते भरून आले नाही. पुढे अमेरिकेतील रॉबर्ट गथ्री यांनी नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या, टिपकागदावर वाळविलेल्या रक्ताच्या थेंबावरून विकार ओळखण्याची युक्ती शोधली, आणि १९६३ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने ही तपासणी कायद्याने आवश्यक केली. पहिल्या आठवड्यातच पथ्य सुरू झाले तर हे मूल इतर मुलांसारखे वाढते, चालते, बोलते आणि शाळेत जाते.

मधुमेहाची कथाही अशीच आहे. मुलांना होणारा पहिल्या प्रकारचा मधुमेह, ज्याला व्यवहारात बालमधुमेह म्हणतात, हाही चयापचयाचाच विकार. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरोंटोमध्ये लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनची पहिली सुई दिली गेली. त्यापूर्वी असा मुलगा काही महिन्यांचा, फार तर एक-दोन वर्षांचा सोबती असे. तेव्हा अशा मुलाला शाळेसाठी तयार कसे करावे, हा प्रश्न मागच्या पिढ्यांना पडलाच नाही. ते मूल शाळेच्या दारापर्यंत पोहोचतच नव्हते. आज ते दप्तर पाठीला लावून तेथे उभे आहे आणि त्याचे काय करावे याचा संस्कार कोणाजवळ नाही, ना घराजवळ, ना शाळेजवळ. आजीच्या बटव्यात याचे औषध नाही आणि शिक्षक-प्रशिक्षणाच्या पुस्तकांतही त्याला क्वचितच जागा मिळते.

आपल्याकडील परिस्थिती थोडक्यात सांगता येईल. प्रत्येक नवजात बाळाची अशी तपासणी देशभर सक्तीने होते असे नाही. गोव्याने २००८ साली सरकारी पातळीवर ती सुरू केली होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रात पालघर येथे राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत जाऊन मुलांची तपासणी करणारी पथके त्यातून आली. २०२१ साली दुर्मीळ आजारांसाठी राष्ट्रीय धोरण जाहीर झाले, त्यात विशेष आहारावर जगू शकणाऱ्या अशा विकारांचा समावेश आहे, आणि उपचारासाठी नेमलेल्या केंद्रांत मुंबईचे केईएम रुग्णालय आहे. बालमधुमेहाची मुले तर संख्येने जगात सर्वांत अधिक भारतातच आहेत, असे आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२१ साली नोंदविले. म्हणजे फेनिलकीटोन्युरियाचे मूल वर्गात क्वचित येईल; इन्सुलिन घेणारे मूल मात्र कोणत्याही शाळेत, कोणत्याही वर्षी येऊ शकते.

आता भोपाळमधील एका मराठी घराचे चित्र कल्पनेने डोळ्यांपुढे आणावे. वडील सरकारी नोकरीत, आई शिकलेली, आजी अमरावतीकडची. पाच वर्षांची मुलगी फेनिलकीटोन्युरियाची, सुदैवाने वेळीच निदान झालेली. घरात वजनकाटा आहे. ओट्यावर, मिसळणाच्या डब्याशेजारी. तिला वरण चालत नाही, दूध चालत नाही. वरण-भात-तूप-लिंबू या आपल्या पहिल्या घासातले तूप आणि लिंबू तेवढे मोकळे, भात मोजून, वरण वर्ज्य. गंमत अशी की उपवासाचा साबुदाणा तिचा नित्याचा आधार आहे, कारण त्यात प्रथिने जवळजवळ नसतात. फक्त त्यातले दाण्याचे कूट काढून टाकावे लागते. प्रथिनांची भरपाई करणारे एक औषधी मिश्रण तिला दिवसातून तीनदा प्यावे लागते. त्याला उग्र वास येतो. पाच वर्षे हे सारे चार भिंतींत सुरळीत चालले. आता उन्हाळ्याची सुटी संपली की शाळा.

शाळेतले अन्न म्हणजे केवळ मधल्या सुटीतला डबा असे घरचे लोक समजतात. वर्षभराचा हिशेब मांडला तर वेगळेच दिसते. वाढदिवसाची टॉफी, पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला वाटला जाणारा बुंदीचा लाडू, गणपतीचा प्रसाद, संक्रांतीचा तिळगूळ, ईदनंतर वर्गमैत्रिणीने आणलेली शेवई, मैत्रिणीच्या घरचे रविवारचे पोहे-जलेबी आणि कोणाच्या तरी पास होण्याची मावाबाटी. भोपाळ हे खाऊ घालणारे शहर आहे. आणि या प्रत्येक प्रसंगी एक प्रेमळ मोठे माणूस उभे असते आणि ते म्हणते, ‘एका लाडवाने काय होते?’

या मुलांच्या दृष्टीने आपल्या भाषेतील सर्वांत घातक वाक्य हेच असावे. त्यात दुष्टावा नसतो, प्रेमच असते. आग्रह हा आपल्याकडे अगत्याचा भाग आहे. पाहुणा ‘नको’ म्हणाला तर ते नकोपण खरे मानायचे नाही, अशीच रीत. मुलाला घरी ‘नको म्हण’ असे शिकविले जाते आणि बाहेर ‘नको’ या शब्दाला किंमत नसते. पाच वर्षांच्या जिवाने दोन-तीनदा नको म्हटल्यावर चौथ्यांदा हात पुढे केला तर दोष त्याचा नव्हे.

मात्र आपल्याच समाजाने एक दुसरा शब्दप्रयोग जपून ठेवला आहे, त्याकडे दुर्लक्ष झाले आहे. चतुर्थीच्या दिवशी कोणी पोहे पुढे केले तर माणूस ‘नको’ म्हणत नाही. तो म्हणतो, ‘आज मला चालत नाही.’ लगेच बशी मागे घेतली जाते. उलट ‘अरे, विसरलेच,’ म्हणून वाढणाराच ओशाळतो. ‘नको’ ही इच्छा आहे, ती मोडता येते. ‘चालत नाही’ हा नियम आहे, तो मोडण्याचे पाप कोणी अंगावर घेत नाही. व्रतापुढे आग्रह थांबतो आणि आजारापुढे थांबत नाही, हे विचित्र खरे, पण वापरण्याजोगे आहे. मुलाला पहिला शब्द हा द्यावा: मला हे चालत नाही. वर्गातील इतर मुलांना समजावतानाही शिक्षिकेने याच वाटेने जावे. उपवासाला काय चालते आणि काय चालत नाही हे मराठी-हिंदी घरांतील चार वर्षांच्या मुलालाही ठाऊक असते, आणि रोजे काय असतात हे भोपाळमध्ये कोणाला सांगावे लागत नाही. एकीचे चालते-न चालते थोडे निराळे आणि रोजचेच आहे, एवढे सांगितले की मुलांना पुरते. विकर आणि फेनिलॲलनिन त्यांना नको आहेत.

‘पथ्य’ हा शब्दही येथे आठवतो. व्याकरणकार तो ‘पथिन्’ म्हणजे वाट या शब्दापासून साधतात. वाटेपासून न ढळणारे ते पथ्य. रूढीत मात्र त्याला बंदीचा, जिभेच्या शिक्षेचा अर्थ चिकटला. मुलाशी बोलताना घरातील माणसे कोणत्या अर्थाने हा शब्द उच्चारतात ते मुलाला स्वरावरून कळते.

शाळेची तयारी शाळा उघडण्याच्या आदल्या रात्री होत नाही. दोन-तीन महिने आधी तिला हात घालावा लागतो. तिचे उत्तम साधन आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या आहे, ते म्हणजे भातुकली. आईने कधी पाहुणी व्हावे, कधी शिक्षिका, कधी हट्टी मावशी. लाकडी ताटलीत खोटा पेढा वाढावा आणि मुलीने ‘मला चालत नाही’ म्हणावे. मग भूमिका बदलाव्या. मुलगी वाढणारी झाली की ती आग्रहाची नक्कल इतकी हुबेहूब करते की घरातल्यांना आपलेच रूप दिसते. पुढचा धडा अवघड: मावशी रागावली तर? मैत्रीण म्हणाली, तुझ्याशी कट्टी, तर? बाई म्हणाल्या, प्रसादाला नाही म्हणू नये, तर? यांचीही उत्तरे खेळातच घडवावीत. प्रसाद हातात घ्यावा, कपाळाला लावावा, डब्याच्या झाकणात ठेवावा आणि घरी आणावा. याने देवाचा मान राहतो आणि बाईंचाही. घरी तो आजीने खावा.

डब्याविषयी एक गोष्ट उलटी शिकवावी लागते. ‘डबा संपवून ये’ हे प्रत्येक आईचे निरोपाचे वाक्य असते. या मुलीला मात्र सांगायचे, ‘उरले तर परत आण.’ किती खाल्ले हे कळल्याशिवाय पुढचे माप ठरत नाही. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर अन्न आणि सुई यांचा मेळ चुकला की त्याच दिवशी संकट. पण उरलेले परत आणल्यावर बोलणी बसतात असा अनुभव आला की दुसऱ्या आठवड्यापासून उरलेली पोळी शाळेच्या भिंतीपलीकडे जाऊ लागते. तेव्हा उरलेल्यावर रागावायचे नाही, चुकून खाल्लेल्यावरही रागावायचे नाही. खरे सांगणाऱ्या मुलाचे नुकसान भरून काढता येते. खोटे बोलायला शिकलेल्या मुलाचे काढता येत नाही. हे घरातल्या मोठ्यांना मुलापेक्षा अवघड जाते.

भोपाळच्या मराठी घरांची एक खास अडचण आहे, ती महाराष्ट्रातील घरांना ठाऊक नाही. तयारी सारी मराठीत होते आणि संकट हिंदीत येते. आईने शिकविलेले ‘मला गरगरतंय’ वर्गातल्या दीदींना कळेलच असे नाही, आणि घाबरलेले मूल त्या क्षणी भाषांतर करू शकत नाही. रक्तातील साखर उतरू लागली की मोठ्या माणसालाही शब्द सुचत नाहीत. म्हणून मोजकी वाक्ये शाळेच्याच भाषेत पाठ हवीत: ‘मुझे ये नहीं चलता’, ‘मुझे चक्कर आ रहा है’, ‘मेरे बैग में ग्लूकोज है’. यातले पहिले वाक्य व्याकरणशुद्ध हिंदी नाही. भोपाळात ते कोणालाही समजते, आणि येथे शुद्धतेपेक्षा समजणे महत्त्वाचे.

शिक्षिकेची तयारी हा या विषयाचा अर्धा भाग आहे. तिची अडचण समजून घ्यावी. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात तिला कोणी एखादा कागद देते आणि म्हणते, याला गोड देऊ नका. ती प्रामाणिकपणे ते पाळते. आणि एके दिवशी तोच मुलगा खेळाच्या तासानंतर घामाघूम होतो, हात थरथरतात, विनाकारण चिडतो, पेंगतो. तिला वाटते, खोडी काढतो आहे किंवा थकला आहे. वास्तविक त्याची साखर उतरलेली असते आणि त्या क्षणी त्याला गोडच हवे असते: डॉक्टरांनी ठरवून दिलेले ग्लुकोज, ते नसेल तर साखरेचे पाणी. हेही एकट्याला दुसऱ्या खोलीत पाठवून नव्हे, बसल्या जागी आणि सोबतीने. पंधरा मिनिटांत उतार पडला नाही तर पुन्हा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही. कुशीवर निजवून तत्काळ रुग्णालय गाठायचे. उलट, ज्या दिवशी साखर चढलेली असते त्या दिवशी तो वारंवार पाणी आणि लघवीची परवानगी मागतो, आणि ती नाकारणे ही शिस्त ठरत नाही.

दुसरा घोटाळा ‘शुगर-फ्री’ या शब्दाचा. आरोग्याची जाण असलेली शिक्षिका मुलीला साधी गोळी न देता कौतुकाने शुगर-फ्री गोळी देईल. साध्या साखरेची गोळी फेनिलकीटोन्युरियाच्या मुलीला बहुधा चालते. शुगर-फ्रीमध्ये ॲस्पार्टेम असेल तर ते तिच्यासाठी विषासमान, कारण त्यातूनच फेनिलॲलनिन निघते. वेष्टनावर बारीक अक्षरांत तसा इशारा असतो, तो कोण वाचतो? एकाला जे औषध ते दुसऱ्याला अपाय, आणि दोघेही एकाच बाकावर बसू शकतात. याशिवाय अशीही मुले असतात ज्यांना उपाशी राहणेच घातक. ग्लायकोजेनच्या साठ्याचा विकार असलेले मूल दर काही तासांनी कच्चे कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून पिते. शिजविले की त्याचा गुण जातो, कारण ते लवकर पचते. अशा मुलाला शिक्षा म्हणून मधल्या सुटीत वर्गात कोंडून ठेवले तर काय होईल ते सांगायला नको. गॅलॅक्टोसीमियाच्या मुलाला दुधाचा थेंबही वर्ज्य, म्हणजे आपली निम्मी मिठाई बाद.

म्हणून शाळेला द्यायचा कागद एक पानाचा असावा आणि हिंदीत असावा. त्यात आजाराचा इतिहास नको. काय चालत नाही, काय झाले तर काय करायचे, कोणाला फोन करायचा, कोणत्या रुग्णालयात न्यायचे, एवढेच. एक प्रत वर्गशिक्षिकेकडे, एक मुख्याध्यापकांकडे, एक दप्तराच्या आतल्या कप्प्यात, आणि एक बसच्या चालकाकडे. बसचा चालक हमखास विसरला जातो. इन्सुलिनची सोय आधी बोलून ठरवावी. भोपाळच्या मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. शीतकपाट नसेल तेथे मातीचा माठही कामाला येतो.

इथवरचे सारे जमण्यासारखे आहे. जमत नाही ते एकच, शाळेला सांगणे. प्रवेश नाकारतील, मुलाला वेगळे बसवतील, चार लोकांत होईल, या भीतीने आईवडील गप्प राहतात. मुलगी असेल तर गप्प बसणे अधिकच घट्ट होते. पाच वर्षांच्या पोरीच्या लग्नाची काळजी करून तिची सुई लपविली जाते. मग मुलगी स्वच्छतागृहात जाऊन चोरून सुई घेते, चोरून खाते, आणि आपल्या अंगात काहीतरी लाजिरवाणे आहे हा पहिला धडा वर्णमालेच्या आधी शिकते. लपविण्याने तिचे संरक्षण होत नाही. ज्या मोठ्या माणसाच्या हाती ती सहा तास सोपविली आहे त्याच्या हातातले ज्ञान तेवढे काढून घेतले जाते.

याचा अर्थ भोपाळला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ यांच्या मधल्या रात्री हमीदिया रुग्णालयात माणसांची रीघ लागली, तेव्हा समोरच्या देहात नेमके काय गेले आहे, त्यावर उतारा काय, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ठाऊक नव्हते. ज्यांना ठाऊक होते त्यांनी पुरते सांगितले नाही. त्या रात्रीनंतर या शहरातील हजारो घरांनी दवाखान्याच्या चिठ्ठ्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या. त्या शहरातल्या आईबापांनी तरी आपल्या लेकराची चिठ्ठी शाळेपासून दडवू नये.

कायद्याचा आधारही आता आहे, आणि तो माहीत असावा. शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेच्या दालनात साखरेच्या गोळ्या, फळे, खाण्याचे पदार्थ आणि पाण्याची लहान बाटली नेण्याची मुभा दिली. २०२३ साली राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने अशा मुलांच्या शाळेतील देखभालीविषयी राज्यांना लिहिले. परिपत्रके शाळेच्या कपाटात असतात. पालकाने ती हातात घेऊन मुख्याध्यापकांपुढे बसावे, भांडायला नव्हे, चहा घ्यायला.

आजीविषयी दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे, कारण घरातल्या तयारीत तीच बहुधा वगळली जाते. तिला ‘देऊ नका’ एवढेच सांगितले तर ती दुखावते आणि गुपचूप देते. तिला वजनकाटा शिकवावा, वही तिच्या ताब्यात द्यावी. भाजीतले मीठ डोळ्यांनी मोजणारी बाई ग्रॅमही मोजते, आणि एकदा मोजू लागली की सुनेपेक्षा कडक मोजते.

आणि मग मूल एके दिवशी विचारते, मलाच का? या प्रश्नाला उत्तर नाही, पण तो टाळूही नये. तुझ्या पोटात एक कामकरी कमी आहे, म्हणून आपण त्याचे काम बाहेर, काट्यावर करतो, असे काहीसे सांगितले तर पाच वर्षांच्या मुलाला ते पटते. दहाव्या वर्षी त्याला अधिक सांगावे लागेल, पंधराव्या वर्षी त्याहून अधिक, आणि तेव्हा ते ऐकेलच असे नाही.

तूर्त पहिला दिवस संपला आहे. दुपारी बस वळणावर थांबते, मुलगी उतरते. आजी डबा उघडते. दाण्यावाचूनची साबुदाण्याची खिचडी थोडी उरलेली आहे, झाकणात एक अर्धवट सुटलेला पेढा आहे. आजी खिचडी काट्यावर ठेवते, आकडा वहीत लिहिते, पेढा स्वतः तोंडात टाकते आणि विचारते, ‘काय म्हणालीस मग?’

‘म्हटलं, मुझे नहीं चलता.’

‘मग ती काय म्हणाली?’

‘ती म्हणाली, आज तेरा व्रत है क्या?’